३२-बिटचा मृत्युलेख लिहिण्याची घाई : दोन आर्किटेक्चरच्या लायब्रऱ्या आणि न लिहिलेली एक ओळ

१/
संगणकाच्या इतिहासाची एक सोपी गोष्ट समाजमाध्यमांवर वारंवार सांगितली जाते. आधी १६-बिट होते, मग ३२-बिट आले, मग ६४-बिट आले आणि जुने अस्तंगत झाले. इतिहासाची गोडी असलेल्या तरुणाने या गोष्टीकडे संशयाने पाहिले पाहिजे. १८१८ मध्ये पेशवाई संपली. पण गावचे पाटील-कुलकर्णी त्यानंतरही त्याच चावडीवर बसून तेच दप्तर सांभाळत होते. सत्ता एका दिवसात बदलते, वहिवाट बदलत नाही. संगणकाच्या राज्यातही हेच घडले, आणि ती वहिवाट ज्यांनी सांभाळली त्यांनाच आज 'जुनाट' म्हणून हिणवले जात आहे.

२/
या थ्रेडचे म्हणणे असे. ६४-बिट युग आले ते ३२-बिट प्रोग्रामना दिलेल्या एका वचनाच्या बळावर. दोन्ही आर्किटेक्चरच्या लायब्रऱ्या एकाच यंत्रावर शेजारीशेजारी नांदवून ते वचन पाळले गेले. आणि जिथे ते मोडले, तिथे बहुधा कसलाही गाजावाजा न होता मोडले: स्वयंचलित इन्स्टॉलेशनच्या फाइलमध्ये जी ओळ लिहायला हवी होती, ती कोणी लिहिलीच नाही. त्या ओळीला 'कचरा' म्हणणारे इतिहास वाचत नाहीत, आणि 'सगळेच टाकून ठेवा' म्हणणारे जबाबदारी घेत नाहीत. हा थ्रेड दोघांच्याही विरोधात आहे.

३/
सुरुवात १९८५ च्या ऑक्टोबरपासून. इंटेलचा ८०३८६ हा प्रोसेसर त्या महिन्यात जाहीर झाला. स्मृतीतील जागेचा पत्ता तो ३२ बिटांत लिहीत असे. म्हणजे एकूण ४,२९४,९६७,२९६ पत्ते, अर्थात ४ गिगाबाइट. त्या काळच्या यंत्रांत काही मेगाबाइट स्मृती असे, त्यामुळे ही मर्यादा क्षितिजासारखी दूर भासली. १९९० चे दशक संपता संपता मोठे डेटाबेस चालवणारे सर्व्हर त्या क्षितिजाला जाऊन भिडले. एका प्रोग्रामला एका वेळी ४ गिगाबाइटपलीकडचे दिसतच नव्हते. भिंत ओलांडणे भाग होते. वाद होता तो कसे ओलांडायचे याचा.

४/
पहिला मार्ग इंटेल आणि एचपी यांचा. १९९४ मध्ये दोघांनी हातमिळवणी केली आणि २००१ मध्ये इटेनियम बाजारात आला. त्याची आज्ञावली पूर्णपणे नवी होती. जुन्या ३२-बिट प्रोग्रामसाठी त्यात सोय होती. पण ते इतके रखडत चालत की ती सोय असून नसल्यासारखीच. या मार्गाचा गर्भितार्थ स्पष्ट होता: नव्या घरात यायचे तर जुना संसार मागे टाकून या. नवे प्रोग्राम लिहिले जातील, जुने आपोआप गळून पडतील, असा तो हिशेब होता.

५/
दुसरा मार्ग एएमडीचा. १९९९ मध्ये जाहीर झालेला आणि २००३ च्या एप्रिलमध्ये ऑप्टेरॉन या प्रोसेसरमधून प्रत्यक्षात आलेला. त्यात जुनीच आज्ञावली ६४ बिटांपर्यंत वाढवली होती. ६४-बिट ऑपरेटिंग सिस्टिमखाली ३२-बिट प्रोग्राम पूर्ण वेगाने चालू शकत होता. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, खुद्द इंटेलला तीच वाट धरावी लागली. इटेनियमची शेवटची खेप २०२१ मध्ये गेली आणि २०२४ च्या जानेवारीतील लिनक्स कर्नल ६.७ मधून त्याचा आधारही काढून टाकण्यात आला. इटेनियमच्या पराभवाची कारणे अनेक आहेत. पण जुन्यांना दारात उभे करणारा हरला आणि घरात घेणारा जिंकला, हे त्यांपैकी मोठे कारण आहे.

६/
मात्र प्रोसेसरने होकार दिला म्हणजे काम झाले असे नाही. प्रोग्राम एकटा चालत नाही. फाइल उघडणे, अक्षरे दाखवणे, नेटवर्कवर बोलणे अशी कामे तो सामाईक लायब्रऱ्यांकडून करून घेतो. आणि इथे एक कडक नियम आहे: एकाच चालत्या प्रोग्राममध्ये ३२-बिट आणि ६४-बिट लायब्रऱ्या मिसळता येत नाहीत. म्हणजे ३२-बिट प्रोग्राम चालवायचा तर तो ज्या ज्या लायब्ररीवर अवलंबून आहे, आणि त्या लायब्रऱ्या पुढे ज्या ज्या लायब्रऱ्यांवर अवलंबून आहेत, त्या सर्वांच्या ३२-बिट आवृत्त्या यंत्रावर असाव्या लागतात. एक कडी निसटली की साखळी तुटते.

७/
साखळी तुटल्यावर यंत्र जे बोलते ते ऐकण्याजोगे आहे. लिनक्सवर सामाईक लायब्रऱ्या वापरणाऱ्या प्रोग्रामच्या पोटात त्याला सुरू करून देणाऱ्या 'लोडर'चा पत्ता लिहिलेला असतो. ३२-बिट लोडर यंत्रावर नसेल तर उत्तर येते: अशी फाइल किंवा फोल्डर अस्तित्वात नाही. फाइल तर डोळ्यांसमोर असते! नसतो तो लोडर. पण संदेशात त्याचे नाव येत नाही. कित्येक नवशिक्यांनी या एका वाक्यापायी रात्री घालवल्या आहेत. जुने गेले असे मानून इन्स्टॉलेशन केले की जुने हजर असूनही यंत्राला दिसेनासे होते, हे त्या वाक्याचे खरे भाषांतर.

८/
मग एकाच नावाच्या दोन लायब्रऱ्या ठेवायच्या कुठे? हा प्रश्न लिनक्सने प्रथम सोडवला असेही नाही. सनच्या सोलारिस ७ ने १९९८ मध्ये ६४-बिट लायब्रऱ्यांना नेहमीच्या फोल्डरात वेगळा पोटकप्पा दिला होता. लिनक्सच्या जगात २००४ च्या जानेवारीत फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डची २.३ ही आवृत्ती आली आणि तिने निवाडा केला: ६४-बिट लायब्रऱ्या 'लिब६४' मध्ये, ३२-बिट 'लिब' मध्ये. आयबीएमच्या मेनफ्रेमवर जुने आर्किटेक्चर ३१-बिट होते. त्याचीही दखल त्या कलमात आहे.

९/
हा निवाडा बारकाईने वाचावा. थोरल्या वाड्याचा मूळ चौक जुन्याला मिळाला आणि नव्यासाठी पडवी काढली गेली. कारण भावनिक नव्हते. लोडरचा पत्ता जुन्या प्रोग्रामच्या पोटात कोरलेला असल्याने जुन्याला हलवणे शक्यच नव्हते; नवा मात्र अजून घडत होता, त्याला कुठेही बसवता आले असते. आणि अपवाद कोणाचा होता? इटेनियमचा. त्याच्या ६४-बिट लायब्रऱ्या थेट 'लिब' मध्ये गेल्या, कारण जुन्यांची फिकीर करण्याचे त्याने मुळातच सोडले होते. दोन प्रोसेसरांचे दोन स्वभाव एका कलमात नोंदले गेले आहेत.

१०/
आता स्वयंचलित इन्स्टॉलेशनकडे यावे. एका यंत्रावर माणूस बसून प्रश्नांची उत्तरे देऊ शकतो. शंभर सर्व्हरांवर नाही. म्हणून सनने जंपस्टार्ट, रेड हॅटने किकस्टार्ट, सुसेने ऑटोयास्ट आणि डेबियनने प्रीसीड अशा पद्धती काढल्या. सगळ्यांचे तत्त्व एकच: उत्तरे आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि यंत्राने ती वाचून मुकाट्याने स्वतःला घडवायचे. अशी फाइल म्हणजे एक हुकूमनामा असतो. पण त्याचे एक वैशिष्ट्य आहे. त्यात जे लिहिलेले नाही, तेही अमलात येते. जिथे फाइल गप्प, तिथे ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांचा डीफॉल्ट बोलतो.

११/
रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ५ हे मार्च २००७ चे. त्याचा डीफॉल्ट उदार होता. ६४-बिट यंत्रावर एखादे पॅकेज मागावे तर त्याची ३२-बिट आवृत्तीही, उपलब्ध असल्यास, सोबत येई. धोरणाचे नावच 'ऑल'. हे निव्वळ औदार्य नव्हते. ओरॅकलच्या ११जी रिलीज २ च्या सुरुवातीच्या पुस्तिकेत ६४-बिट लिनक्ससाठीही ग्लिबसी, लिबएआयओ अशा लायब्रऱ्यांच्या ३२-बिट आवृत्त्या मागितलेल्या होत्या. पण ज्यांना त्या नको होत्या, त्यांच्याही यंत्रावर सगळे दुप्पट झाले. अनेक प्रशासकांनी किकस्टार्टच्या शेवटी सगळी ३२-बिट पॅकेजेस उडवून टाकणारी ओळ लिहिली आणि हात झटकले.

१२/
दोन आवृत्त्या नांदवणे दिसते तितके सोपे नव्हते. आरपीएम या पॅकेज व्यवस्थेत एकाच नावाची, वेगळ्या आर्किटेक्चरची दोन पॅकेजेस बसू शकतात. लायब्रऱ्यांची घरे वेगळी; पण चालवण्याच्या प्रोग्रामची जागा मात्र एकच. तिथे दोघांची गाठ पडली तर ६४-बिट प्रत राहते. त्यासाठी आरपीएम प्रत्येक फाइलला एक 'रंग' देते. माहितीपत्रके, सेटिंगच्या फाइली असे जे सामाईक असते ते दोन्ही पॅकेजांत अक्षरशः सारखे असावे लागते, नाहीतर संघर्ष उभा राहतो. एक आवृत्ती पुढे गेली, दुसरी मागे राहिली, की अपडेट अडते. शेजार टिकवायला असे नियम लागतात.

१३/
मग २०१० च्या नोव्हेंबरमध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ आले आणि डीफॉल्ट उलटला. 'ऑल' च्या जागी 'बेस्ट': यंत्राला साजेशी तेवढीच आवृत्ती. निर्णय योग्यच होता. पण परिणाम पाहावा. पॅकेजांची तीच यादी, त्याच प्रशासकाच्या हातची, आता वेगळे यंत्र घडवू लागली. काल जे न मागता मिळत होते ते आज मिळेना. जुना ३२-बिट प्रोग्राम चालवू जावे तर 'अशी फाइल अस्तित्वात नाही'. यादीतले एक अक्षरही बदलले नव्हते. बदलला होता तो तिच्या मौनाचा अर्थ.

१४/
इथे दोष कोणाचा? 'ऑल' चा नाही, 'बेस्ट' चाही नाही. दोष त्या वृत्तीचा, जिने दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयालाच आपला निर्णय मानले. उपाय तर हाताशी होता. पॅकेजच्या नावापुढे टिंब देऊन आर्किटेक्चरचे नाव लिहिता येते: 'ग्लिबसी.आय६८६'. पुढे किकस्टार्टच्या पॅकेज विभागाला 'मल्टिलिब' हा पर्यायही मिळाला. त्याचा नियम मार्मिक आहे. जी पॅकेजेस फाइलमध्ये नाव घेऊन मागितली आहेत, त्यांचीच ३२-बिट आवृत्ती येते. केवळ अवलंबित्वापोटी ओढल्या जाणाऱ्या पॅकेजांची गरज असेल तेवढीच. ज्याचे नाव घ्याल, त्याचीच हमी.

१५/
डेबियनची कहाणी याहून बोधप्रद. २००७ च्या एप्रिलमधील डेबियन ४.० मध्ये एएमडी६४ अधिकृत आर्किटेक्चर झाले. ३२-बिट प्रोग्रामसाठी तोडगा होता 'आयए३२-लिब्ज' हे एकच अवाढव्य पॅकेज. त्यात अनेक लायब्रऱ्यांच्या ३२-बिट प्रती एका बोचक्यात बांधलेल्या. अडॉबी फ्लॅश पाहायचे, बोचके आणा. अँड्रॉइडची सुरुवातीची साधने चालवायची, बोचके आणा. ६४-बिट लिनक्ससाठी फ्लॅशची पक्की आवृत्ती यायला ऑक्टोबर २०११ उजाडावे लागले. तोवर अनेकांच्या यंत्रावर हे बोचके मुक्कामाला होते.

१६/
बोचक्यात गोम होती. एखाद्या लायब्ररीत सुरक्षेचे भगदाड सापडले की तिची ६४-बिट आवृत्ती लगेच दुरुस्त होऊन येई. पण बोचक्यातली प्रत, सगळे बोचके पुन्हा बांधले जाईपर्यंत, तशीच भोके पडलेली राही. यंत्राचा मालक समजे की लायब्ररी दुरुस्त झाली. अर्धी झालेली असे. 'जुने कुठेतरी कोपऱ्यात टाकून देऊ, चालतेय तोवर चालू दे' या विचाराची ही किंमत आहे, आणि हा विचार आजही मेलेला नाही. त्याच्याकडे पुढे यायचे आहे.

१७/
डेबियन आणि उबुंटूच्या मंडळींनी यावर शोधलेले उत्तर म्हणजे मल्टिआर्च. स्टीव्ह लँगासेक हे त्याच्या रचनाकारांपैकी प्रमुख नाव. उबुंटू ११.०४ मध्ये त्याची पहिली चुणूक दिसली आणि मे २०१३ च्या डेबियन ७ मध्ये ते स्थिरावले. त्यात मूळ चौक आणि पडवी हा भेदच उरला नाही. प्रत्येक आर्किटेक्चरला स्वतःच्या पूर्ण नावाचे घर मिळाले: एक 'एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू', दुसरे 'आय३८६-लिनक्स-जीएनयू', एआरएमलाही त्याच ओळीत जागा. आणि ते बोचके डेबियनने टाकून दिले. जुन्या लायब्रऱ्यांची गरज नाकारून नव्हे. त्यांना पहिल्यांदाच नीट नाव-पत्ता देऊन.

१८/
मल्टिआर्चची एक अट प्रशासकांना जाचक वाटते: शेजारीशेजारी बसलेल्या दोन्ही आर्किटेक्चरच्या लायब्ररीची आवृत्ती तंतोतंत एकच हवी. ६४-बिट पुढे आणि ३२-बिट मागे असे चालत नाही. पण बोचक्याचा अनुभव आठवावा, म्हणजे अटीचे मोल कळते. दुरुस्ती येईल ती दोघांना मिळून. प्रीसीडमध्ये यासाठी एकच ओळ लागते, आय३८६ हे जादा आर्किटेक्चर म्हणून सांगणारी. हाताने करायचे तर क्रम पाळावा लागतो: आधी आर्किटेक्चर जोडणे, मग पॅकेजांची सूची ताजी करणे, मग इन्स्टॉल. मधली पायरी गाळणारे 'पॅकेजच सापडत नाही' म्हणून डेबियनला दोष देतात.

१९/
आता मृत्युलेख लिहिणाऱ्यांकडे. जून २०१९ मध्ये उबुंटूने जाहीर केले की १९.१० या आवृत्तीपासून आय३८६ आर्किटेक्चर बंद. काही दिवसांतच स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हकडून, त्या आवृत्तीला अधिकृत आधार देणार नसल्याचे सांगण्यात आले. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनच्या मंडळींनीही चिंता व्यक्त केली. २४ जूनला उबुंटूमागच्या कॅनॉनिकलने पाऊल मागे घेतले आणि निवडक ३२-बिट पॅकेजेस पुढेही देण्याचे मान्य केले. ज्याला मृत म्हटले त्याच्यावाचून लिनक्सवरचे हजारो खेळ अडले असते.

२०/
त्या वादात तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली कोंबल्या गेल्या, आणि आजही कोंबल्या जातात. ३२-बिट यंत्र एक, ३२-बिट कर्नल दुसरी, ३२-बिट लायब्ररी तिसरी. यंत्रे खरोखरच दुर्मीळ झाली आहेत. कर्नलची गरजही त्यांच्याबरोबर ओसरली. पण लायब्ररीचा संबंध यंत्राच्या वयाशी नसून प्रोग्रामच्या वयाशी आहे. काल विकत घेतलेल्या झगझगीत यंत्रावरही १५ वर्षांपूर्वीचा प्रोग्राम चालवायचा असू शकतो. 'आता कोणाकडे ३२-बिट संगणक आहे?' हा प्रश्न विचारणाऱ्याने चुकीच्या माणसाची चौकशी केली आहे.

२१/
हा फरक कळला की २०१९ चा ऑक्टोबर नीट वाचता येतो. त्या महिन्यात ॲपलचे मॅकओएस कॅटलिना आले. त्यावर एकही ३२-बिट ॲप चालेना. २०१८ पासून इशारे होते, हे ॲपलच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण ज्या ॲपचे निर्माते काम सोडून गेले होते, त्यांना इशारा कोण देणार? त्याच महिन्यात फेडोरा ३१ ने ३२-बिट कर्नल आणि इन्स्टॉलर बंद केले, मात्र ६४-बिट यंत्रांसाठीच्या ३२-बिट लायब्रऱ्या चालू ठेवल्या. एकाने दार लावले, दुसऱ्याने फक्त जुना रस्ता बंद करून दार उघडे ठेवले. सोप्या गोष्टीत दोन्हींचे शीर्षक एकच: '३२-बिट संपले'.

२२/
प्रतिपक्षाची बाजू दुबळी नाही, आणि तिला दुबळी भासवणे अप्रामाणिक ठरेल. प्रत्येक लायब्ररी दोनदा बांधायची, दोनदा तपासायची. वापरणारे घटले की ३२-बिट बाजूचे दोष उशिरा सापडतात. यंत्रावर लायब्ररी जितकी जास्त, तितका हल्लेखोराला वाव जास्त. हा भार खरा आहे आणि तो बहुतांशी मोजक्या, अनेकदा बिनपगारी खांद्यांवर असतो. मे २०२५ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मधून ३२-बिट पॅकेजेस गेली, ती याच हिशेबाने. फेडोरातही त्याच वर्षी तसा प्रस्ताव आला. विरोध झाल्यावर तो मागे घेतला गेला.

२३/
पण याच प्रतिपक्षाचा आवडता तोडगा तपासून पाहावा: 'लायब्रऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममधून काढा आणि कंटेनरमध्ये कोंबा.' कंटेनर उपयुक्त आहेत, यात वाद नाही. पण लायब्ररी नाहीशी झाली का? ती फक्त घर बदलून गेली. तिच्यातली भगदाडे कोण बुजवणार, कधी, आणि बुजवली हे यंत्राच्या मालकाला कसे कळणार? ज्याच्याकडे याचे उत्तर आहे त्याने खुशाल कंटेनर वापरावा. ज्याच्याकडे नाही त्याने तेच जुने बोचके नव्या फडक्यात बांधले आहे. डेबियनने अनेक वर्षे भोगून शिकलेला धडा विसरून जाण्याला प्रगती म्हणता येत नाही.

२४/
खरी प्रगती कशी दिसते, त्याचे उदाहरण वाइनने दिले. जानेवारी २०२४ च्या वाइन ९.० मध्ये अशी नवी रचना वापरण्याजोगी झाली की ३२-बिट विंडोज प्रोग्रामना खाली लिनक्सच्या केवळ ६४-बिट लायब्रऱ्या पुरतात. म्हणजे गरज उरूच नये अशी सोय कष्टाने उभी केली. ओझे कमी करण्याचे दोन मार्ग असतात: वाहणाऱ्याला मदत करणे, किंवा ओझे नाहीच असे जाहीर करणे. वाइनने पहिला मार्ग धरला. मृत्युलेख लिहिणारे दुसरा धरतात, कारण तो स्वस्त पडतो.

२५/
आणि वचनाला मुदत असू शकते, हेही मान्य करावे. मात्र ती लिहून दिलेली असावी. जुने ३२-बिट प्रोग्राम १९७० पासूनचे सेकंद ज्या संख्येत मोजतात ती १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरून जाईल. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ ने इतर ३२-बिट आर्किटेक्चरची कालगणना ६४ बिटांवर नेली. आय३८६ ला मुद्दाम वगळले. त्यासाठी आता डेबियनचा कर्नल नाही, इन्स्टॉलरही नाही. ते उरले आहे ६४-बिट यंत्रावर जुने प्रोग्राम चालवण्यापुरते. कालगणना बदलली असती तर नेमके तेच प्रोग्राम मोडले असते.

२६/
डेबियनचा हा निर्णय मृत्युलेखाच्या नेमका उलट आहे. त्यात जुन्याचे काम कोणते, ते कोणासाठी, आणि कोणत्या दिवशी त्याची हद्द संपते, हे सगळे स्पष्ट आहे. किकस्टार्ट किंवा प्रीसीड लिहिणाऱ्याने हाच कित्ता गिरवावा. हवी ती ३२-बिट लायब्ररी आर्किटेक्चरसकट नाव घेऊन मागावी. ती कोणत्या प्रोग्रामसाठी, हे शेजारी टिपेत लिहावे. इन्स्टॉलेशनच्या अखेरीस तो प्रोग्राम खरोखर सुरू होतो का, हे यंत्राकडूनच तपासून घ्यावे. पुन्हा विचार कधी करायचा, ती तारीख टाकावी. आणि ३२-बिट काहीच नको असेल, तर तेही शब्दांत लिहावे. डीफॉल्टच्या भरवशावर सोडू नये.

२७/
तरुण इतिहासप्रेमींना यात एक वेगळा लाभ आहे. कागदपत्रांतून ज्याप्रमाणे एखाद्या परगण्याचा कारभार उमगतो, त्याप्रमाणे जुन्या किकस्टार्ट फाइलींतून एका कार्यालयाचा संसार उमगतो: कोणता प्रोग्राम कधीपर्यंत लागत होता, कोणती लायब्ररी कोणाच्या आग्रहाने टिकली, कोणती ओळ कोणी का पुसली. '३२-बिट संपले' हे वाक्य अशा फाइलींसमोर उभे राहत नाही. तिथे सापडतात ते एकेका जुन्या प्रोग्रामसाठी केलेले, किंवा करायचे राहून गेलेले, लहानलहान निर्णय. पाटील-कुलकर्ण्यांचे दप्तर वाचल्याशिवाय १८१८ नंतरचा गाव कळत नाही. ही एक ओळ वाचल्याशिवाय २००३ नंतरचा संगणक कळणार नाही.

(थ्रेड समाप्त)